पट्टा तग धरेल का?

रेडिओवर हेडलीचा आवाज आला तेव्हा मी पाव भाजायला टाकत होते. "ट्रिफी, घाबरू नकोस," असं तो आधी म्हणाला. इतकी वर्षं संसार केल्यावर मला एक पक्कं ठाऊक आहे, की हा माणूस 'घाबरू नकोस' म्हणाला की घाबरायचं.

तो कॅबिनवर एकटा होता. आमची ती लाकडी खोली गावापासून पार आत रानात, दलदलीपलीकडच्या तळ्याकाठी आहे. मूस हरणांच्या शिकारीचा पहिला आठवडा, त्यामुळे गावातले बहुतेक धडधाकट पुरुष आणि चालत्या गाड्या सगळ्या रानात. शेजारच्या चेसनं त्याला आपल्या आठ चाकी गाडीतून तिथं सोडलं आणि स्वतः आणखी आत गेला, रेडिओच्या टप्प्याबाहेर. मग हेडली धुराड्याची नळी सारखी करायला छपरावर चढला, ओल्या फळीवरून पाय सटकला आणि खाली आला. गुडघ्याखाली पाय मोडला होता. सरपटत आत जाऊन त्यानं रेडिओ गाठला होता.

रेडिओवर दवाखान्यातली नर्स मॅव्हिसही ऐकत होती. आमच्याकडे सगळेच सगळ्यांचं ऐकतात. ती मध्ये बोलली, "हेडली, बूट काढलास? पाऊल हाताला कसं लागतंय?"

बूट ओढताना त्याचं कण्हणं ऐकू आलं. मग म्हणाला, "थंड. पांढरं पडलंय. बर्फातल्या कॉड माशासारखं."

मॅव्हिसनं मला ताबडतोब दवाखान्यात बोलावलं. मी ओव्हन बंद केला की नाही, हे मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

"खाली रक्त उतरत नाहीये," ती म्हणाली. साठीची बाई, उगाच धीर देणाऱ्यातली नव्हे. "हेलिकॉप्टर या धुक्यात उठणार नाही, मी विचारलंय. शहरातून माणसं निघाली तर पोचायला अंधार पडेल. तेवढा वेळ त्या पावलाकडे नाही. तुम्हीच कुणीतरी जा. पाय हळूच सरळ ओढायचा आणि या आधाराच्या पट्टीत बांधायचा. मी रेडिओवर सांगत राहीन. सरळ केला की रक्त बहुतेक परत फिरेल. पण ट्रिफी, एकदा फिरलं की मग हिसका बसता कामा नये. हाड पुन्हा सरकलं तर खेळ खलास."

"हिसका बसता कामा नये," मी म्हटलं. "त्या दलदलीतून."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

गावात एकच गाडी उरली होती, ती म्हणजे आमची स्वतःची क्वाड, चार जाड चाकांची उघडी रानगाडी. ती घरी का होती, त्यामागे एक भांडण होतं.

जूनमध्ये हेडलीनं तिला तीस इंची टायर लावले. मूळचे सव्वीसचे. नवे टायर राक्षसासारखे, खोल खाचांचे, चिखलात ओंजळीनं पाणी उपसावं तसे चालणारे. चेसच्या गाडीपेक्षा उंच दिसते, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याचा थोरला भाऊ सिरिल या किनाऱ्यावरच्या निम्म्या गाड्यांचे क्लच जुळवून देतो. आमच्या गाडीचाही तोच बघायचा. पण हेडलीनं त्याला न विचारताच टायर चढवले आणि मिरवत त्याच्या शेडपुढं नेऊन उभी केली.

सिरिलनं चाकाला लाथ मारून पाहिलं. "छान. आता क्लचचं काय?"

"क्लचला काय झालंय?"

"तुला सायकल चालवताना सगळ्यात जड गिअर टाकून चढावर सोडला तर काय होईल, तेच झालंय. चाक मोठं, वजन दुप्पट, आणि क्लच मात्र जुन्या चाकाच्या हिशोबानं चालतोय. इंजिन गुदमरणार, चाकांकडे जोर नेणारा रबरी पट्टा घसरणार, जळणार."

"तुला दुसऱ्याचं काही चांगलं बघवतच नाही," हेडली म्हणाला. पुढं बापाच्या होडीच्या जुन्या वादापर्यंत विषय गेला आणि त्या दिवसापासून दोघे भाऊ चर्चमध्येही वेगवेगळ्या बाजूला बसू लागले.

आणि सिरिल म्हणाला होता तसंच झालं. दलदलीत गाडी बदकासारखी तरंगायची, पण चढ लागला की इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि जळक्या रबराचा वास सुटायचा. उन्हाळ्यात दोन पट्टे गेले. म्हणून शिकारीला जाताना हेडली चेसबरोबर गेला. भावाच्या दारात जाणं त्याला जमलं नाही.

आता मला जावं लागलं.

सिरिल शेडमध्ये होता. रेडिओ चालू, म्हणजे त्यानं ऐकलं होतं. अंगात कोटही चढवलेला होता. पण माझ्याकडे बघितलं नाही.

"आमच्या शेडमध्ये जुने सव्वीसचे टायर आहेत," मी म्हटलं. "ते परत चढवू या का? क्लच त्यांनाच जुळलेला आहे."

"नऊ दिवस पाऊस पडलाय, पोरी. त्या दलदलीची लापशी झालीय. सव्वीसचे टायर पोटापर्यंत रुततील. मग आपणच रेडिओवर बोंबलत बसू."

"आणि तीसचे लावून गेलो तर?"

"जाताना जाऊ. येताना मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये दोन माणसं, आणि मध्ये गॅफ टेकडीचा चढ." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "तिथं पट्टा जळेल."

मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडणं म्हणजे वेळ घालवणं. "मग काय करायचं ते सांग."

तो फळीकडे गेला आणि वरून एक खोका काढला. धूळ बसलेली, पण सील तसंच. आत दोन स्प्रिंगा आणि बोटाएवढ्या लोखंडी वजनांचा एक जोड. आमच्याच गाडीसाठी, तीस इंची टायरसाठी.

"कधी आणलंस?"

"ऑगस्टमध्ये."

"मग दिलं का नाहीस?"

"तो मागायला आला नाही," सिरिल म्हणाला आणि पाने-हातोडे गोळा करू लागला.

त्या क्षणी दोघांनाही एकमेकांवर आपटावंसं वाटलं मला. पण पाना माझ्या हातात होता.

आमच्या घरी येऊन गाडीच्या क्लचचं झाकण उघडलं तेव्हा आतून काळी भुकटी सांडली. हेडलीनं जाळलेल्या पट्ट्याची. सिरिल झरझर काम करत होता आणि मला उजेड धरायला लावून बोलत होता. तो घाबरला की बोलतो, हे मला तेव्हा कळलं.

"ही वजनं इंजिनाबरोबर फिरतात. जोर आला की बाहेर फेकली जातात आणि पट्ट्याला वरच्या गिअरकडे ढकलतात. मोठ्या टायरखाली इंजिन धापा टाकतंय, तरी ही आपली ढकलतायत. हलकी टाकली की ढकलणं कमी. इंजिनाला श्वास घेता येतो. कळलं?"

"कळलं."

"क्लचची मागची स्प्रिंग कडक टाकली की पट्टा घट्ट धरला जातो, घसरत नाही. ही टाकतो." ती बसवताना त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली. मग त्यानं दुसरी स्प्रिंग हातात घेतली आणि थांबला.

"काय झालं?"

"ही पुढची. हीही कडक आहे. ही टाकली तर क्लच उशिरा पकडेल. इंजिन चढेपर्यंत गाडी जागची हलणार नाही, आणि मग एकदम उडी घेईल. चिखलात खेळणाऱ्या पोरांना तेच हवं असतं. पट्ट्यालाही बरं, घसरणं कमी होतं."

"उडी घेईल?"

"दर वेळी निघताना एक हिसका."

मॅव्हिस काय म्हणाली होती ते मी त्याला सांगितलं.

"मग जुनीच राहू दे," तो म्हणाला. "निघताना मऊ निघेल. पण पट्टा निघताना घसरणार, तापणार. म्हणजे ट्रिफी, थांबायचं नाही. कमीत कमी वेळा थांबायचं. विशेषतः चढावर तर नाहीच."

"थांबायचं नाही म्हणजे, चालवणार कोण?"

"तू. ट्रेलरमध्ये त्याचा पाय धरून बसायला ताकद लागेल. ते मी करीन. ही गाडी तू चालवलीयस ना?"

"दुकानापर्यंत. जुन्या टायरवर."

"या टायरवर ती उंच झालीय, कडेला कलंडते. उतारावर आडवी नेऊ नकोस. ब्रेक उशिरा लागेल, आधीच दाब. लो गिअरमध्येच ठेव. बाकी गाडी तीच."

टायरमधली हवा त्यानं निम्म्यापेक्षा खाली सोडली, म्हणजे दलदलीवर पसरतील आणि धक्केही मऊ बसतील. ट्रेलरमध्ये मी आमच्या पलंगावरची गादी टाकली. एक नवा पट्टा खिळ्याला टांगलेला होता, तो सिरिलनं कोटाच्या आत घातला. मॅव्हिसनं दिलेली पिशवी, चहाचा थर्मास. निघालो.

धुकं एवढं, की गाडीच्या दिव्याचा उजेड समोर भिंतीवर पडल्यासारखा परत येत होता. जुन्या रेल्वेच्या वाटेवर ठीक होतं, खडी होती. मग दलदल लागली. मोठे टायर खरोखर तरंगले, हे हेडलीच्या बाजूनं सांगायला हवं. मागं वळून पाहिलं तर आमच्या चाकोऱ्यांत पाणी भरून येत होतं आणि कुठंकुठं गवताचा अख्खा तुकडा हिंदकळत होता. सिरिल माझ्या मागं बसून कान लावून होता. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "बोलू नकोस, ऐकू दे."

ओढा फुगला होता. सिरिल उतरून काठीनं पाणी मोजत पुढं गेला. मांडीपर्यंत. "क्लचच्या डब्यात पाणी गेलं की पट्टा साबणासारखा घसरतो," तो पलीकडून ओरडला. "हळू ये. लाट उठवू नकोस." लाट न उठवता आले. पाणी पायदानांवरून वाहिलं, पण वर चढलं नाही. मी पलीकडे पोचले तेव्हा हँडलवरची बोटं सोडवायला मला दुसरा हात लागला.

हेडली जमिनीवरच होता, भिंतीला टेकून, बंदुकीची पेटी पायाखाली. चेहरा राखेसारखा. मला बघून हसला, मग माझ्यामागं सिरिल दिसला तसं हसू गेलं.

"तू?"

"नाही, बिशप आलाय," सिरिल म्हणाला. "पाय दाखव."

पाऊल मी हातात घेतलं. इतकं थंड काहीतरी माझ्या नवऱ्याच्या अंगाचं आहे, हे मनाला पटेना. मॅव्हिस रेडिओवर सांगत गेली, सिरिलनं घोटा आणि टाच धरली, मी गुडघ्याच्या वर धरलं. "ओढ, हळू, सारखा ओढ, सोडू नकोस," मॅव्हिस म्हणत होती. हेडली ओरडला नाही. त्यानं माझ्या खांद्याला कोटावरून चावा घेतला. एक टक् असं काहीतरी झालं, ऐकू नाही आलं, हाताला कळलं. सिरिलनं तसंच धरून ठेवलं आणि मी पट्टी गुंडाळली.

मग आम्ही तिघं त्या पावलाकडे बघत बसलो. आधी काहीच नाही. मग अंगठ्याच्या मुळाशी थोडा गुलाबीपणा आला. मॅव्हिसला सांगितलं तर ती म्हणाली, "देवा. आता निघा. आणि हिसका नको."

ट्रेलरमध्ये हेडली आडवा, सिरिल त्याच्या पायाशी, दोन्ही हातांनी पट्टी धरून. मी गाडी सुरू केली आणि गॅस इतका हळू दिला, की गाडी कधी हलली ते मलाच कळलं नाही. मागून सिरिल म्हणाला, "शाब्बास."

ओढा पुन्हा पार केला. दर थोड्या वेळानं मी विचारायचे, "पाऊल?" आणि सिरिल सांगायचा, "गरम आहे," किंवा "कोमट." 'कोमट' म्हणाला की मी लगेच परत विचारायचे. एकदा मी विचारलं तर नुसतं म्हणाला, "समोर बघ."

दोघे भाऊ मागं काहीतरी बोलत होते. इंजिनाच्या आवाजात सगळं ऐकू येत नव्हतं. हेडली म्हणाला, "आवाज वेगळाय गाडीचा. काय केलंस?"

"तुझं पाप धुतलं."

"पुढची स्प्रिंग?"

"ती नाही टाकली. तुझ्या तंगडीमुळे."

एवढ्यात चढ आला.

गॅफ टेकडी. खालून ती धुक्यात दिसतही नव्हती, फक्त वाट वर तोंड करून उभी राहिलेली. मी आधीच वेग धरला आणि चढायला लागले. जून-जुलैत इथंच इंजिन मरगळायचं. आज ते मरगळलं नाही, वरच्या सुरात, एकसारखं ओढत राहिलं. मला वाटलं, जमलं. निम्मा चढ झाला होता.

आणि हेडली किंचाळला. "थांब! थांब, ट्रिफी, थांब!"

चोवीस वर्षांत तो असा किंचाळलेला मी ऐकला नव्हता. मी थांबले. हात आपोआप ब्रेकवर गेला.

"कुणी थांबायला सांगितलं?" सिरिल गरजला.

"तो म्हणाला!"

"त्याचं काय ऐकतेस! ट्रेलर दगडावरून गेला, एवढंच झालं!"

"पाऊल?"

त्यानं पट्टीवरचा एक हात काढला. पावलाला हात लावला, मग गाल लावला. "कोमट," म्हणाला. "चल. आता चल."

मी गॅस दिला. इंजिन फिरलं, गाडी इंचभर पुढं सरकली आणि मागं ट्रेलरनं खेचली. खालून तो वास आला. जळक्या रबराचा, उन्हाळाभर मी कपड्यांतून धुतलेला. मी गॅस सोडला आणि दोन्ही ब्रेक धरून बसले. गाडी सुटली असती तर मागं दोघांना घेऊन सरळ ओढ्यापर्यंत.

सिरिल खाली उतरला, चाकांमागं दगड लावले आणि क्लचच्या झाकणाला हात लावून झटकन मागं घेतला. "निवू द्यायला हवा."

"किती वेळ?"

"हात टेकवेल एवढा."

नवा पट्टा त्याच्या कोटात होता, पण या चढावर, ट्रेलर मागं ओढत असताना झाकण उघडणं शक्य नव्हतं. आम्ही थांबलो. मी ट्रेलरमध्ये जाऊन हेडलीचं पाऊल माझ्या कोटाच्या आत, पोटाला लावून बसले. तो म्हणत होता, "चुकलं माझं, ओरडायला नको होतं." मी म्हटलं, "गप्प बस." सिरिल झाकणाला हात लावायचा, काढायचा. पुन्हा लावायचा. धुकं पावसासारखं टपकत होतं, ते त्या झाकणावर पडून वाफ होत होतं. हळूहळू वाफ थांबली.

"ऐक," सिरिल म्हणाला. "मी मागून ढकलतो. त्याचा पाय त्यालाच धरू दे. मी 'हं' म्हटलं की गॅस दे. धक्का नको, पण अर्धवटही नको. पट्टा पकडेपर्यंत दे आणि पकडला की सोडू नकोस. तो मेला तरी थांबू नकोस."

"मी इथंच आहे," हेडली म्हणाला.

"माहितेय. तुलाच ऐकवतोय."

त्यानं दगड काढले. मी पुढं बसले. मला देवाचं नाव आठवेना, फक्त 'पकड, पकड, पकड' एवढंच तोंडात. "हं!" मी गॅस दिला. वास आला. गाडी हलली नाही. मी आणखी दिला आणि मागून सिरिलचा एक आवाज ऐकला, माणसाचा वाटूच नये असा, आणि मग खाली काहीतरी घट्ट झालं. मला ते बुडाखाली जाणवलं. गाडी निघाली, हिसका न देता, म्हातारी घोडी निघावी तशी. मी मागं पाहिलं नाही. वर सपाटीवर पोचल्यावर उतरले आणि धावत मागं गेले.

हेडलीनं दोन्ही हातांनी स्वतःची पट्टी धरली होती, डोळे मिटून. पाऊल गरम नव्हतं, पण थंडही नव्हतं. सिरिल किती तरी वेळानं धुक्यातून वर आला, गुडघ्यावर हात ठेवत, चिखलानं काळा.

रस्त्याला लागलो तेव्हा रुग्णवाहिकेचा दिवा धुक्यात फिरत होता आणि मॅव्हिस बाहेर उभी होती. तिनं पहिल्यांदा पाऊलच धरलं. आमच्याकडे बघितलंही नाही.

शहरातल्या दवाखान्यात तीन शस्त्रक्रिया झाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं सांगितलं की पाऊल राहील, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट राहणार नाही. मला वाटलं, दोन बोटं काय, घ्या. सिरिल माझ्या शेजारी बाकावर होता. त्याचं उजवं मनगट सुजलं होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मी नर्सला बोलावून दाखवलं. तिथंही हाड चिरलेलं निघालं.

भावाभावांचं सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. हेडली नाताळच्या आधी कुबड्यांवर घरी आला. सिरिल रविवारी जेवायला येऊ लागला. खारवलेलं मांस, कोबी, बटाटे पुढ्यात येतात आणि दोघं गाड्यांवरून भांडतात. बापाची होडी अजून मध्ये येतेच. पण आता जेवताना भांडतात.

मेमध्ये हेडली पहिल्यांदा एकटा क्वाड घेऊन निघाला, कॅबिनची खिडकी कुणी फोडली का बघायला. मी नको म्हटलं. सिरिलनंही म्हटलं. तो गेलाच. मी दाराशी उभी राहून आवाज ऐकत राहिले. रेल्वेच्या वाटेवर तो स्पष्ट होता, मग दलदलीवर मऊ झाला, आणि मग वाऱ्यानं नेला. चहा दोनदा केला, दोनदा ओतून दिला. रेडिओवर दुसऱ्या कुणाचं तरी मासळीबद्दल चाललं होतं. शेवटी मी कोट घालून फाटकापर्यंत गेले आणि तिथं सिरिल आधीच येऊन उभा होता, हात खिशात, मान एका बाजूला कललेली.

"येतोय का?" मी विचारलं.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "ऐकू दे."